यूसीई ३५०: कॅम बदलतोय, कॉम्प्रेशन वाढवतोय, मग हायड्रॉलिक लिफ्टर कोणते ठेवू?

डुगडुग_३५० (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०१३ ची, यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं), कार्ब्युरेटरवाली. धूर मारत होती म्हणून उघडली तर बोअर घासलेला निघाला. आता हेड, ब्लॉक, दोन्ही कॅम, लिफ्टर सगळं टेबलावर आहे. इतकं उघडलंच आहे तर थोडं जोरकस बांधावं असं वाटतं.

बेत असा: उंच डोक्याचा पिस्टन घालून कॉम्प्रेशन ८.५ वरून १०.५ च्या आसपास न्यायचं आणि इनटेक कॅम पुन्हा ग्राइंड करून ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) वाढवायचं. वापर रोजचा नागपुरात मानेवाडा ते सिव्हिल लाइन्स, आणि सुट्टी मिळाली की पचमढी नाहीतर चिखलदरा. रेस लावायची नाही, पण घाटात चौथ्या गिअरला गाडीनं मान टाकू नये एवढी इच्छा आहे.

अडलोय लिफ्टरवर (कॅमची हालचाल पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्हपर्यंत नेणारा, आत तेल असलेला भाग). एक मिस्त्री म्हणतो जुनेच धुऊन टाका. दुसरा म्हणतो आतून पॅक करून सॉलिड करा, नाहीतर जास्त आरपीएमला लिफ्टर फुगतात आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. तिसऱ्यानं सुचवलं की अमेरिकन व्ही-८ वाले वापरतात तसे कमी आरपीएमला मुद्दाम तेल सोडणारे लिफ्टर शोधा. तिघंही कामातले आहेत, म्हणूनच गोंधळ वाढला.

सक्करदरा_एक्सप्रेस

भाऊ, इतका इचार काहून करून राहिले? सॉलिड करून टाका. माही जुनी कास्ट आयर्न बुलेट हाय, तिचे टॅपेट मी सोताच सेट करतो. गार इंजिनवर पिस्टन टीडीसीले, म्हंजे सगळ्यात वर, आणायचा, पुशरॉड दोन बोटांत फिरला पाहिजे पण खालीवर हालायले नको. झालं. हायड्रॉलिकमधी आत काय होऊन राहिलं ते दिसतच नाही, त्याचा भरोसा कसा धरायचा?

शून्य_मैल

धागाकर्ते, तिन्ही सल्ल्यांना आपापल्या जागी आधार आहे. पण तिघांपैकी एकानंही हे विचारलेलं दिसत नाही: नव्या कॅमवर इनटेक व्हॉल्व्ह बंद केव्हा होणार? ते ठरल्याशिवाय पिस्टन ठरत नाही, आणि लिफ्टर तर त्याच्याही नंतर येतो.

पिस्टन बीडीसीवरून (सगळ्यात खालच्या जागेवरून) वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडाच असतो. तो बसेपर्यंत दाब तयार होत नाही, हळू आरपीएमला तर भरलेली हवा उलट मागे ढकलली जाते. म्हणजे ८.५ किंवा १०.५ हे आकडे पूर्ण स्ट्रोकचे, त्यांना स्टॅटिक म्हणतात. सिलिंडरला प्रत्यक्ष मिळतं ते व्हॉल्व्ह बसल्यानंतर उरलेल्या स्ट्रोकचं कॉम्प्रेशन. त्यालाच डायनॅमिक कॉम्प्रेशन म्हणतात.

तुमच्याच इंजिनाचं गणित करू. बोअर ७०, स्ट्रोक ९० मिमी (बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घातला की आकडा किंचित हलेल). कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या १.८ पट धरतो, तुम्ही मोजून घाला. उदाहरणादाखल समजा आजच्या कॅमवर इनटेक बीडीसीनंतर ६०° वर बंद होतो. तेव्हा पिस्टनला वर जायला ७२ मिमीच्या आसपास उरतात. ८.५ स्टॅटिकचं डायनॅमिक होतं सुमारे ७.०.

आता फक्त कॅम बदलला आणि बंद होणं ७५° वर गेलं. उरले ६२.६ मिमी, डायनॅमिक झालं ६.२. गाडी वरच्या आरपीएमला मोकळी वाटेल, पण मानेवाड्याच्या सिग्नलवरून निघताना मेलेली. जुना ७.० परत हवा असेल तर स्टॅटिक साधारण ९.६५ करावं लागेल.

उलट बाजूनं पाहा. कॅम जुनाच ठेवून पिस्टन १०.५ चा घातला तर डायनॅमिक ८.६ होतं. एअर-कूल्ड, दोन व्हॉल्व्हचं हेड आणि नागपूरचा मे महिना. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांतही पंपाच्या पेट्रोलवर ८ ते ८.५ ही साधारण वरची हद्द मानतात. तुमच्या ३५० ला दोन स्पार्क प्लग आहेत, ज्वाला लवकर पसरते, ही जमेची बाजू. तरी मी ८.६ ला हात लावणार नाही. शहरात ९५ चं पेट्रोल मिळेल, १०० चं मोजक्या पंपांवर. छिंदवाडा ओलांडून तामियाच्या घाटाला लागलात की मिळेल ते भरावं लागतं, आणि नेमका तिथंच इंजिनावर सगळ्यात जास्त लोड असतो.

म्हणून कॅम आणि पिस्टन जोडीनं ठरवा. लिफ्टरचं लिहितो, जरा वेळ द्या.

डुगडुग_३५०

हे गणित कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे १०.५ चा पिस्टन विकत घ्यायच्या आधीच थांबलो ते बरं झालं. लिफ्टरबद्दल लिहाच.

शून्य_मैल

आधी आतलं यंत्र, काहून का पुढची सगळी चर्चा त्यावरच उभी आहे. लिफ्टरच्या अंगात एक प्लंजर, त्याखाली बारीक स्प्रिंग आणि एक चेक व्हॉल्व्ह. लिफ्टर कॅमच्या बेस सर्कलवर (गोल, उंचवटा नसलेल्या भागावर) असताना आतली स्प्रिंग प्लंजर वर ढकलून सगळी ढिलाई काढते आणि खालच्या कप्प्यात तेल भरतं. लोब (कॅमचा उंचवटा) वर येऊ लागला की चेक व्हॉल्व्ह बंद, तेल अडकलं. तेल दाबलं जात नाही म्हणून लिफ्टर त्या क्षणापुरता लोखंडासारखा वागतो. टोक बंद केलेली भरलेली सिरिंज दाबून पाहा, तेच. फक्त इथं प्लंजर आणि अंग यांच्यामधल्या अगदी सूक्ष्म फटीतून थोडं तेल निसटत राहतं. हा निसटण्याचा वेग लिफ्टरगणिक ठरवून ठेवलेला असतो.

तुमच्या तिसऱ्या मिस्त्रींचे लिफ्टर या वेगावरच चालतात. ऱ्होड्स नावाचे लिफ्टर त्यात प्रसिद्ध. कमी आरपीएमला वेळ भरपूर मिळतो, तेल जास्त निसटतं, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर बसतो. बनवणारे ड्युरेशनमध्ये १० ते १५ अंशांची घट सांगतात. आरपीएम वाढले की निसटायला वेळच राहत नाही आणि कॅम पूर्ण मापात काम करतो.

म्हणजे या लिफ्टरमुळे इनटेक बंद होण्याचा बिंदू हलतो. तो कुणाला हलवून हवा असतो? ज्याचा कॅम मोठा आणि कॉम्प्रेशन कमी, त्याला. त्याचं खालचं डायनॅमिक ६.२ वर पडलेलं असतं, ते लिफ्टर थोडं उचलून देतो. ज्यानं कॉम्प्रेशन आधीच चढवलंय त्याच्या इंजिनात हाच लिफ्टर कमी आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर दाब आणखी वाढवेल. पिंगिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) नेमकं तिथंच होतं. तुमच्या १०.५ च्या बेताला हा लिफ्टर घातक ठरला असता. शिवाय त्यांची टिकटिक कायमची असते. आणि ते व्ही-८ च्या मापाचे असतात, यूसीईत कसेतरी बसवायचा प्रयत्न करू नका.

सक्करदरा_एक्सप्रेस

हे पटलं. पण सॉलिडचं काय? लिफ्टर फुगते हे तर मी सोता पाह्यलं हाय. एका पोट्ट्याच्या गाडीले लय रेस दिली, मंग ती फडफड करून बसली, थोड्या वेळानं आपोआप सुरळीत.

शून्य_मैल

जे पाहिलंत ते खरं आहे, दादा. पण दोष लिफ्टरचा नसतो. त्या आरपीएमला व्हॉल्व्हची स्प्रिंग कमी पडते, म्हणून व्हॉल्व्ह आणि रॉकर लोबच्या मागे पडतात आणि मध्ये फट निर्माण होते. लिफ्टरचं कामच फट भरायचं, तो तेल घेऊन लांब होतो. मग व्हॉल्व्ह परत यायला पाहतो तर लिफ्टर लांब झालेला, व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही, कॉम्प्रेशन गेलं. थोड्या वेळानं जास्तीचं तेल निसटलं की ठीक. अशा गाडीत सॉलिड टाकलं तर फडफड दिसणार नाही, पण व्हॉल्व्ह तसाच उडत राहील आणि सीटवर आपटत राहील. इलाज स्प्रिंगमध्ये आहे. स्प्रिंग कडक लावली तर कॉइल एकमेकींना भिडत नाहीत ना हे पूर्ण लिफ्टवर पाहायचं, साधारण १.५ मिमी मोकळीक ठेवायची.

आता पॅक करून सॉलिड करण्याबद्दल. हायड्रॉलिकसाठी घासलेल्या लोबला सॉलिडसारखा लांब, हळू चढणारा रॅम्प नसतो. कारण तिथं ढिलाईच नसते, मग ती हळूच भरून काढायची गरज काय? अशा कॅमवर सॉलिड चालवायचा तर क्लिअरन्स फार घट्ट ठेवावा लागतो, ०.०८ ते ०.१५ मिमीच्या घरात. नेहमीच्या सॉलिडइतका ढिला ठेवला तर व्हॉल्व्ह सीटवर जोरात आपटतो. उलट सॉलिडचा कॅम हायड्रॉलिक लिफ्टरवर चालवला तर तो लांबलचक रॅम्पसुद्धा व्हॉल्व्ह उघडण्यात मोजला जातो, ड्युरेशन फुकटचं वाढतं, आयडलिंग बिघडतं. दोन्हीकडून कॅम आणि लिफ्टर एकाच जातीचे लागतात. आणि यूसीईचे पुशरॉड कमी-जास्त करता येणारे नाहीत, मग सॉलिड केल्यावर क्लिअरन्स सेट कुठं करणार?

कॅम ग्राइंड करणाऱ्याशी बोलताना ड्युरेशन कुठल्या लिफ्टवर मोजलंय ते विचारा. अमेरिकन कॅटलॉगात हायड्रॉलिकचं जाहीर ड्युरेशन बहुधा ०.००६ इंचावर देतात, सॉलिडचं ०.०२० वर. ते दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. १.२७ मिमी, म्हणजे ०.०५० इंच लिफ्टवरचे आकडे मागा, मग तुलना करा.

खरादवाली

मी हिंगणा रोडला खराद आणि बोरिंग-होनिंगचं काम करते. शून्य_मैल यांनी कॅम-कॉम्प्रेशनचं सांगितलं, मी प्रीलोडचं सांगते. माझ्याकडे येणारी निम्मी बिघडलेली यूसीई इंजिनं प्रीलोड न मोजल्यामुळे आलेली असतात. लिफ्टर बदलून बदलून लोक थकतात आणि लिफ्टरात काहीच वाईट नसतं.

व्हॉल्व्ह बंद असताना प्लंजर आपल्या वरच्या क्लिपपासून जितका खाली दबलेला असतो, तितकं प्रीलोड. पुशरॉडच्या इंजिनांत साधारण ०.५ ते १.५ मिमी ठेवतात. कमी पडलं तर खडखड. जास्त झालं तर प्लंजर तळाला टेकतो आणि व्हॉल्व्ह कायम उचललेला राहतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

कंपनीनं हे माप सगळे भाग मूळ मापाचे धरून बसवलंय. आता तुम्ही काय काय हलवताय ते बघा. ब्लॉकचं बूड किंवा हेड जितकं कापाल, रॉकर तितकाच खाली येतो आणि प्रीलोड तितकंच वाढतं. जाड गॅस्केट टाकली तर तितकंच कमी होतं. व्हॉल्व्ह सीट कापली की व्हॉल्व्ह आत जातो, स्टेमचं टोक वर येतं, रॉकरची दुसरी बाजू खाली दबते आणि प्रीलोड वाढतं (रॉकरच्या प्रमाणानं भागून). आणि कॅम पुन्हा ग्राइंड करताना लिफ्ट वाढवायला बेस सर्कल लहान करावंच लागतं, लिफ्टर तितका खाली बसतो, प्रीलोड कमी होतं. हे सगळं एकत्र करा, बेरीज-वजाबाकी करा, मगच पुशरॉडची लांबी बरोबर आहे की नाही ते कळेल.

मोजायला लिफ्टर तेलानं भरलेला नको, रिकामा घ्या. कॅम बेस सर्कलवर आणा. पुशरॉडवर हेडच्या कडेशी एक रेघ मारा, रॉकर पूर्ण कसल्यावर दुसरी. दोन रेघांतलं अंतर व्हर्निअरनं घ्या. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वेगवेगळे मोजायचे, एकावरून दुसरा धरायचा नाही.

अजून एक. यूसीईचे लिफ्टर रोलरचे आहेत. सपाट टॅपेटसाठीचा लोब त्यांच्याखाली चालत नाही, कारण त्याच आकाराच्या लोबवर रोलर वेगळ्या चालीनं फिरतो. ग्राइंड करणाऱ्याला लिफ्टर हातात देऊनच बोला. आणि ग्राइंड झाल्यावर कडकपणा तपासून घ्या. लोबवरचा कडक थर पातळ असतो, तो निघून गेला तर रोलर थोड्याच दिवसांत लोबला खड्डे पाडतो.

अँबीवाले काका

खरादवाली ताई, फार छान लिहिलंत. मी आयुष्यभर अँबेसेडर आणि जीपवर काम केलं. १४८९ सीसीच्या इंजिनात सॉलिड सपाट टॅपेट असत, आवाजावरून क्लिअरन्स ओळखायचो.

धाग्यावर पुढे कुणी सपाट टॅपेटचं इंजिन बांधायला येईल, त्याच्यासाठी सांगून ठेवतो. सपाट टॅपेटचं तोंड वरून सपाट दिसलं तरी किंचित फुगीर असतं आणि लोबला किंचित उतार असतो. त्यामुळे टॅपेट चालता चालता स्वतःभोवती फिरतो. फिरायचा थांबला की कॅम गेलाच समजा. म्हणून नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही टाकू नयेत, आणि जुन्या कॅमवर जुने टाकायचे तर ज्या लोबवरचा जो होता तो तिथंच. इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडायचं नाही, २००० ते २५०० आरपीएमवर वीस-तीस मिनिटं ठेवायचं, म्हणजे लोबवर तेलाचा शिडकावा पुरेसा होतो.

तेलातलं झिंक-फॉस्फरसचं झीजरोधक द्रव्यही पाहायचं. नव्या एपीआय ग्रेडमध्ये १०डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांतलं फॉस्फरस ८०० पीपीएमवर आणलंय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला. सपाट टॅपेटला ते कमी पडतं. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलांना ती मर्यादा नाही. रोलर लिफ्टरवाल्यांना या चिंता नाहीत, रोलर घसटत नाही, फिरतो. यूसीईवाले त्या बाबतीत भाग्यवान.

हायड्रॉलिक म्हणजे नवं खूळ असंही कुणी समजू नये. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये ढिलाई आपोआप काढणारी हायड्रॉलिक यंत्रणा होती. तेव्हापासून तिचा उद्देश एकच, इंजिन शांत राहावं आणि मालकाला फिलर गेज घेऊन बसावं लागू नये.

तेलंखेडी_रायडर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात बसतो. माझ्या क्लासिकचे लिफ्टर सकाळी सुरू करताना थोडा वेळ टकटक करतात आणि शांत होतात. नवतपात (मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) मात्र उलटं होतं. व्हरायटी चौकाच्या गर्दीत गाडी तापली की आयडलवर टकटक सुरू, वर्धा रोडला लागून गाडी पळाली की बंद. लिफ्टर बदलायचे का?

शून्य_मैल

सकाळची टकटक चिंतेची नाही. रात्रभर उभ्या गाडीत एखादा व्हॉल्व्ह उघड्या अवस्थेत थांबलेला असतो, स्प्रिंग त्या लिफ्टरमधलं तेल हळूहळू पिळून काढते. सुरू झाल्यावर पुन्हा भरतं.

नवतपातली टकटक तेलाची आहे. बाहेर ४५°, गाडी उभी, हवा लागत नाही, तेल पातळ होतं. पातळ तेल लिफ्टरच्या फटीतून लवकर निसटतं आणि आयडलवर पंपाचा दाबही सगळ्यात कमी असतो. आधी पाहा, तेलाची पातळी बरोबर आहे का आणि ग्रेड १५डब्ल्यू-५० च आहे का. उन्हाळ्यात जाड आणि हिवाळ्यात पातळ असा खेळ करायची गरज नाही. पण १०डब्ल्यू-३० भरलं असेल तर तेच कारण. तेल, फिल्टर बदलूनही गरम असताना आवाज राहिला तर एका लिफ्टरच्या चेक व्हॉल्व्हखाली कचरा अडकला असण्याची शक्यता जास्त.

खरादवाली

त्याला जोडून: काढलेला लिफ्टर तेलात बुडवून पंप करा आणि अंगठ्यानं प्लंजर दाबा. दगडासारखा लागला तर चांगला, मऊ बसत गेला तर गळका. उघडून रॉकेलमध्ये धुता येतो, पण एका वेळी एकच उघडा. प्लंजर आणि अंग ही जोडी फटीच्या मापानं निवडून लावलेली असते, दोन लिफ्टरचे भाग एकमेकांत गेले की दोन्ही वाया. चिंधीनं पुसू नका, एक धागा राहिला तरी चेक व्हॉल्व्ह बसत नाही.

सक्करदरा_एक्सप्रेस

शून्य_मैल भाऊ, एक इचारतो. कॉम्प्रेशन वाढवलं त लिफ्टरवर ताण वाढते का? का फक्त पेट्रोलचाच प्रश्न हाय?

शून्य_मैल

वाढतो, आणि तो एक्झॉस्टच्या लिफ्टरवर. इनटेक व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरमध्ये दाब जवळपास नसतो. एक्झॉस्ट उघडताना पॉवर स्ट्रोकचा उरलेला दाब व्हॉल्व्ह सीटवर दाबून धरतो, लिफ्टरला तो दाब आणि स्प्रिंग दोन्ही उचलावं लागतं. कॉम्प्रेशन चढवलं, किंवा एक्झॉस्ट लवकर उघडणारा कॅम घातला, तर हे ओझं वाढतं आणि तेवढ्या क्षणात तेल जास्त निसटतं. म्हणून जुन्या दोघांपैकी जो लिफ्टर अंगठ्याला जास्त कडक लागतो तो एक्झॉस्टला जावा असं मला वाटतं. रोलरचे आहेत म्हणून ही अदलाबदल चालते, सपाट टॅपेटमध्ये काकांनी सांगितलंय तसं अजिबात करायचं नाही. दोघंही मऊ असतील तर नवी जोडी घ्या, इंजिन उघडलेलं असताना हा खर्च वाचवू नये.

सॉलिडबद्दल तुमच्या बाजूनंही बोलतो. ड्रॅगसाठी, वरच्या आरपीएमवरच चालणारं इंजिन बांधायचं असेल, कॅम सॉलिडचा असेल आणि ॲडजस्टेबल पुशरॉड असतील तर सॉलिडच. पण मूळ ३५० ची पूर्ण ताकद ५२५० आरपीएमला येते, टॉर्क ४००० ला. रस्त्यावरच्या कॅमनं हे फार तर थोडं वर सरकेल. त्या आरपीएमला चांगला हायड्रॉलिक रोलर सहज पुरतो. रॉयल एनफील्डनं २०२० मध्ये मिटिऑरच्या जे सिरीजला हायड्रॉलिक सोडलं, पण तिथं पुशरॉडच नाहीत, कॅम थेट हेडमध्ये आहे आणि ताकद ६१०० आरपीएमला येते. ते इंजिनच वेगळं.

सक्करदरा_एक्सप्रेस

हाव, आता समजलं. रोजच्या गाडीले हायड्रॉलिकच ठेवा मंग, डुगडुग भाऊ. माह्या मतात येवढा फरक पडला.

डुगडुग_३५०

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्राइंड करणाऱ्याशी बोलून आलो, लिफ्टर आणि दोन्ही कॅम घेऊनच गेलो होतो. आताचा बेत:

उंच पिस्टन रद्द. इनटेक ६६° वर बंद होणारा सौम्य कॅम, रोलर हायड्रॉलिकच्या लोबचा. मूळसारख्याच डोक्याचा, पण ओव्हरसाइज पिस्टन, आणि ब्लॉकचं बूड १ मिमी कापायचं. माझ्या हिशेबानं ३.८५ सीसी जागा कमी होते आणि स्टॅटिक जवळपास ९.२ येतं. शून्य_मैल यांच्या रीतीनं डायनॅमिक ७.२५ निघालं. लिफ्टर दोन्ही मऊ लागले, नवी जोडी मागवतोय.

प्रीलोडचा हिशेब: ब्लॉक कापल्यानं १.० वाढ. बेस सर्कल त्रिज्येत ०.७ नं कमी होणार, म्हणजे तितकी घट. सीट कापल्यावर स्टेम वर आलं, ते रॉकरच्या प्रमाणानं भागून ०.२ वाढ. निव्वळ वाढ ०.५ मिमी. मूळ प्रीलोडवर इतकी भर नको वाटते, म्हणून रॉकरच्या बैठकीखाली ०.५ चा शिम (पातळ पत्रा) टाकायचा विचार आहे. बरोबर का, ताई?

खरादवाली

बेरीज बरोबर, शिम मात्र जास्त होईल. बैठक वर उचलली की व्हॉल्व्हकडचं टोक जागेवरच राहतं, म्हणून पुशरॉडकडचं टोक शिमच्या जाडीपेक्षा जास्त वर जातं, रॉकरच्या प्रमाणानुसार पावणेदोन पटीच्या आसपास. ०.५ चा शिम टाकलात तर प्रीलोड ०.८ च्या वर कमी होईल आणि खडखड मिळेल. ०.३ पासून सुरुवात करा, रेघा मारून पुन्हा मोजा. आणि हा हिशेब इनटेकचा आहे. एक्झॉस्ट कॅम ग्राइंड करत नसाल तर तिथं ०.७ ची घट नाही, निव्वळ वाढ १.२ होते. तिथला शिम वेगळा लागेल, ०.७ च्या आसपास. शिम टाकल्यावर रॉकरचं टोक स्टेमच्या मध्यावर घासतंय ना तेही बघा. फार कडेला गेलं तर शिम सोडून पुशरॉडची लांबी बदलावी लागेल.

शून्य_मैल

एक्झॉस्टचं ताईंनी बरं पकडलं. ब्लॉक १ मिमी खाली येतोय म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हच्या १ मिमी जवळ येतोय, आणि कॅमची लिफ्टही वाढतेय. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, हेड काढा, दबलेली जाडी मोजा. इनटेककडे २ मिमी, एक्झॉस्टकडे २.५ मिमी तरी हवी. हे मोजताना हायड्रॉलिक लिफ्टर दबतो आणि माप खोटं मोकळं दाखवतो, म्हणून त्या वेळेपुरता एक जुना लिफ्टर पॅक करून घट्ट करा. तुमच्या दुसऱ्या मिस्त्रींची युक्ती इथं अगदी योग्य आहे. कॅमचे अंश डिग्री व्हीलवर (अंश कोरलेल्या चकतीवर) तपासतानाही तोच लिफ्टर वापरा. गिअरवरच्या खुणा जुळल्या म्हणजे ग्राइंड बरोबर झालं असं नाही, ६६° खरंच ६६° आहे का ते बघाच, दोन-चार अंशांचा फरक निघू शकतो आणि मग वरचं सगळं गणित पुन्हा करावं लागतं.

डुगडुग_३५०

समजलं. माती, डिग्री व्हील, दोन वेगळे शिम. नवे लिफ्टर बसवायच्या आधी तेलात पंप करून भरू का, की कोरडेच टाकू?

खरादवाली

शिमचं मोजमाप होईपर्यंत कोरडे. शेवटच्या बसवणीला तेलात बुडवून भरा, म्हणजे पहिल्या स्टार्टला रोलर आणि लोब कोरडे चालणार नाहीत. पण भरलेले लिफ्टर टाकून रॉकर कसला की प्लंजर वर असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे राहतात. त्या अवस्थेत किक मारली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो, तुमच्या कमी केलेल्या अंतरात तर नक्कीच. रॉकर हळूहळू, थोडा थोडा कसा, मध्ये थांबत. पूर्ण कसल्यावर अर्धा तास गाडीला हात लावू नका, तेल निसटू द्या. मग प्लग काढून इंजिन हातानं फिरवा. कुठंही अडलं नाही तरच प्लग लावा आणि किक मारा.